मदत हवी आहे: अकरा महिन्यांच्या लेकीसाठी पाळणाघर, घरगुती की मोठं?

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात माझी रजा संपतेय. लेक तेव्हा अकरा महिन्यांची असेल. दोन्हीकडचे आजी-आजोबा लांब राहतात, त्यामुळे पाळणाघराशिवाय इलाज नाही. ("नोकरी सोड" हा सल्ला कृपया नको, तो घरूनच भरपूर मिळालाय.)

बघून बघून दोन जागा उरल्यात.

पहिली घरगुती. एक काकू, मदतीला एक ताई, आणि मुलं सहा. वर्षाच्या आतलं माझंच एक असेल. मी गेले तेव्हा काकू एका मुलाचं डायपर बदलत होत्या. "आता पाय वर, झालं हं, आता चड्डी" असं त्याच्याशी बोलत बोलत चाललं होतं. मी दारात उभी म्हणून त्यांनी ते घाईघाईत उरकलं नाही, मलाच थांबायला सांगितलं. मग स्वतःचे हात साबणाने धुतले, त्याचेही धुतले, आणि त्यानंतर माझ्याकडे वळल्या. मला तिथेच बाई आवडली. पण कॅमेरा नाही, लेखी काही नाही, आणि "तुम्ही आजारी पडलात तर?" याला उत्तर काय, तर "आजवर तशी वेळ आली नाही."

दुसरी जागा मोठी. वयाप्रमाणे खोल्या, चार तान्ह्यांमागे एक ताई, दारावर नोंद, किती खाल्लं किती झोपली याचे फोटोंसकट निरोप मोबाइलवर. सगळं चकाचक. मात्र तान्ह्यांच्या खोलीतल्या ताई इथे किती दिवस आहेत, असं विचारलं तर मॅनेजरबाईंनी मला खेळणी दाखवायला सुरुवात केली. खोलीत टीव्ही चालू होता आणि मुलं त्याच्याकडे टक लावून गप्प बसली होती.

नवरा म्हणतो मोठीच बरी, कॅमेऱ्यात सगळं दिसतं. अरे, दिसेल, पण ती रडताना दिसली तर मी मीटिंगमध्ये बसून करणार काय?

अजून दोन अडचणी. ती अंगावर पिते, बाटली तोंडात घेत नाही. आणि सध्या मी आंघोळीला गेले तरी दाराशी येऊन रडते. अशा वेळी ठेवावं की दोन-तीन महिने कसेतरी ढकलावेत?

प्रतिसाद
रडण्याचं आधी सांगते. साधारण आठव्या महिन्यापासून आई नजरेआड झाली की मुलं कासावीस होतात, आणि दीड वर्षापर्यंत हे कमी-जास्त चालतं. दोन-तीन महिने थांबून सुटका होईलच असं नाही. त्यापेक्षा रजा संपायच्या आधीच सुरुवात कर. आधी तू सोबत बस, मग अर्धा तास बाहेर जा, मग एक झोप तिथे होऊ दे. निघताना सांगून निघ. खेळात गुंतवून पळ काढला की मूल पुढे खेळतानाही दाराकडेच बघत राहतं.

प्रतिसाद
मी बरीच वर्षं पाळणाघरात काम केलंय, म्हणून जरा लांबण लावतो.

सकाळी बघायला जाऊ नका, सकाळी सगळीच पाळणाघरं छान असतात. संध्याकाळी शेवटच्या तासात जा, न सांगता. मुलं किरकिरी, ताई दमलेल्या, त्यात कोण कसं बोलतं ते ऐका. रडणाऱ्या मुलाला कोणी उचलतं का, की लांबूनच "गप, गप" चालतं?

झोपायची जागा दाखवा म्हणा. वर्षाच्या आतलं मूल पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर झोपवायचं, आजूबाजूला उशी, जाड पांघरूण, मऊ खेळणी काही नको. काकूंना विचारा, "हिला कसं झोपवाल?" तुम्ही योग्य उत्तर सुचवू नका, नुसतं ऐका.

टीव्हीचं तुम्हाला खटकलं ते बरोबरच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांत वर्षाखालच्या मुलांना स्क्रीन अजिबात नको असंच आहे. एका ताईकडे चार तान्ही कागदावर ठीक दिसतात, पण ती जेवायला गेली की आठ एकीकडे होतात का, हे विचारा. आणि माणसं सारखी बदलत असतील तर माझ्या मते बाकीचं सगळं फिकं. या वयाच्या मुलाला ओळखीचा एक चेहरा लागतो.

काकूंचं "वेळ आली नाही" मात्र चालणार नाही. बदली कोण येणार, ते नाव आधी हवं, आणि त्या व्यक्तीशी मुलीची ओळखही.

प्रतिसाद
बाटलीच्या मागे लागू नकोस, अकरा महिन्यांची मुलं कपाने पितात. माझा मुलगा छोट्या वाटीने प्यायचा, निम्मं अंगावर सांडायचा, पण प्यायचा. काढलेलं दूध बाहेर ४ तास, फ्रीजमध्ये ४ दिवस राहतं. उष्टं राहिलेलं २ तासांत संपवायचं, नाहीतर ओतून द्यायचं. मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका हे तिथे बजावून सांग, दूध कुठे कोमट तर कुठे कढत होतं आणि तोंड भाजतं.

प्रतिसाद
मी नवऱ्याच्या बाजूने. कॅमेरा असला की माणसं सांभाळून वागतात. पण मूल कोणाच्या ताब्यात देतात हे त्याहून महत्त्वाचं. नेणाऱ्यांची नावं आणि फोटो दोन्हीकडे देऊन ठेवा.

प्रतिसाद
रजा शिल्लक ठेवा. पहिल्या वर्षी सर्दी-खोकला पाठ सोडत नाही, कुठलंही पाळणाघर घ्या. ताप आला तर किती वेळात न्यायला यावं लागतं आणि परत कधी घेतात, हे आत्ताच विचारा. आम्हाला ते पहिल्या तापाला कळलं.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी दोन्हीकडे न सांगता जाऊन आले. मोठ्या जागेत "वेळ घेऊन या" म्हणून दारातूनच परत पाठवलं, नवराही सोबत होता. काकूंकडे गोंधळ होता, पण एक मूल कडेवर आणि एक पदराला धरून. झोपेचं विचारलं तर म्हणाल्या, "पाठीवर. पण रांगती आहे ना, स्वतः वळली तर वळू देते." वळू दिलेलं चालतं ना? बदलीसाठी त्यांनी भावजयीचं नाव सांगितलंय, पण त्यांना अशा कामाची सवय नाही. अशा वेळी तुम्ही काय कराल?

प्रतिसाद
स्वतः वळत असेल तर चालतं, निजवताना पाठीवर असलं की झालं. भावजयींना तुझ्या सोबतीच्या दिवसांतच तिथे बोलावून घे, काकू घरात असताना. एक वेळ भरवणं आणि एक वेळ झोपवणं त्यांच्या हातून होऊ दे, तू नुसती बघ.