प्रश्न: समुद्राची पातळी उतरली तर खोल समुद्रात वाळू का वाढते?

वरचा प्रश्न रास्त आहे. आज समुद्राची पातळी चढलेली आहे, म्हणून बराचसा गाळ किनाऱ्यालाच अडतो. ओहोटीला वाशीच्या पुलावरून खाडीतला चिखल बघा, म्हणजे कळेल. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी पाणी साधारण 120 मीटर खाली होतं. तेव्हा नद्या उथळ समुद्रतळ ओलांडून पार त्याच्या कडेशी पोचत आणि वाळू तिथल्या घळींतून गढूळ लोंढ्यांबरोबर खोल तळाशी जाऊन पसरे. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातले खोल पाण्यातले काही मोठे वायूसाठे अशाच, पण कितीतरी जुन्या वाळूत आहेत.

पण "पातळी उतरली की वाळू, चढली की चिखल" हे पाठ केलेलं सूत्र सगळीकडे लावू नका. आफ्रिकेतल्या काँगो नदीसमोरची समुद्राखालची घळ थेट नदीच्या मुखात शिरलीय, म्हणून आज पातळी चढलेली असूनही तिथला गाळ खोल समुद्रात जातो. तिथल्या लोंढ्याने जानेवारी 2020 मध्ये समुद्राखालच्या केबल तोडल्या.