नुसता झेब्रा नको, उंच झेब्रा मागा

राउंडअबाउटवर, म्हणजे गोल चौकात, झेब्रा क्रॉसिंग मागणाऱ्या सह्यांच्या मोहिमेला माझी सही धराच. पण वर चर्चेत एकांनी लिहिलंय की इथे पादचाऱ्याला सगळीकडे पहिला मान असतो, ते राउंडअबाउटला लागू नाही. ऑस्ट्रेलियाच्या या व्हिक्टोरिया राज्यात साध्या चौकात वळणाऱ्या गाडीने चालणाऱ्याला वाट द्यायची असते. राउंडअबाउटमध्ये शिरताना किंवा बाहेर पडताना तसं बंधन नाही. झेब्रा आखलेला असेल तरच. म्हणून तर झेब्रा हवा.

माझी आई साताऱ्याहून आली होती तेव्हा नातवाला शाळेत सोडायला जायची. मधल्या बेटावर बाबागाडी धरून पाच-पाच मिनिटं उभी. आत शिरणारा ड्रायव्हर फक्त उजवीकडे बघतो, डावीकडची आजी त्याच्या हिशेबातच नसते. आणि बाहेर पडणारा डावा सिग्नल देईलच याचा भरवसा नाही! सातारच्या पोवई नाक्यावर न घाबरणारी बाई इथे घाबरली.

अर्जात 'वॉम्बॅट क्रॉसिंग' असा शब्द घाला. म्हणजे झेब्र्याची जागाच फुटपाथाच्या उंचीला आणलेली, त्यामुळे गाडीला वेग कमी करावाच लागतो. नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांवर माझा विश्वास नाही. तो गोलापासून निदान एक गाडी मावेल इतका मागे हवा, म्हणजे ड्रायव्हर आधी माणसं बघेल, मग गाड्यांमधली फट शोधेल.

आणि हो, रस्ता कौन्सिलचा (म्हणजे इथल्या पालिकेचा) की राज्याचा ते आधी बघा. आमचा पहिला अर्ज चुकीच्या दारात गेला, त्यात चार महिने गेले.