खेळ माहीत असला की चूक दिसते

'कोडिंग न येणाऱ्या चित्रकाराने एआयकडून ॲप बनवून घेतलं, तर चूक कोण पकडणार?' हा प्रश्न रास्त आहे.

मी वेंगुर्ल्यात चित्रं काढते. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाचा (हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा) खेळ मुलांना मोबाइलवर शिकवावा म्हणून एआयला मराठीतच सांगत गेले, कोड त्याने लिहिला. एआय संशोधक आंद्रे कार्पथी यांनी २०२५ मध्ये ज्याला 'व्हाइब कोडिंग' म्हटलं ते हेच. १० अवतार, प्रत्येकाची १२ पानं, एकूण १२०. दोन संध्याकाळींत खेळ सुरू झाला. पण एआयने सगळीकडे दहाचं पान मोठं धरलं होतं. गंजिफात पाच अवतारांत दहा मोठा, उरलेल्या पाचांत एक्का (राजा आणि वजीर अर्थात त्यांच्याही वर). कोड वाचता येत नसूनही पहिल्याच डावात ही चूक मला दिसली. मग दहाही अवतारांचा क्रम लिहून दिला आणि प्रत्येक बदलानंतर तेच पाच डाव पुन्हा खेळले. हा कंटाळा करू नका, एक दुरुस्त करताना दुसरं बिघडतंच.

चित्रांच्या ऑर्डरी आणि गिऱ्हाइकांचे फोन नंबर साठवायची वेळ आली तेव्हा मात्र मी थांबले. तिथली चूक डोळ्यांना दिसत नाही. ते काम कुडाळच्या एका प्रोग्रामर मुलाला पैसे देऊन करून घेतलं.