अनुभव धागा: सोमवार ते शनिवारचा विश्वास

सर्वांना सलाम. देवाने आपल्यासाठी काय केलं याची साक्ष द्यायला उभं राहिलं की आपण मोठंच काहीतरी शोधतो. आजार बरा झाला, नोकरी लागली. तेही खरंच असतं, पण इथे मला दुसरं हवंय. रविवारची उपासना सुटल्यावर पुढचे सहा दिवस तुमचा विश्वास कशावर अडतो, कशाने वाढतो, ते लिहा. सुरुवात मी करतो.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी आहे. दिवसभर नावे आणि जमा. वडिलांच्या औषधपाण्यातला 38,000 रुपयांचा वाटा थोरल्या भावाने दिला नाही, तेव्हापासून चार वर्षं बोलणं बंद. घरी रोज संध्याकाळी येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना होते. आपल्या मराठीत तिथे 'ऋण' हाच शब्द आहे: आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे. लहानपणापासून तोंडपाठ. एकदा दुकानातली येणेबाकी काढून घरी आलो आणि त्या ओळीवर जीभच अडली. तोंडाने 'सोडले आहे' म्हणतोय आणि कपाटातल्या वहीत भावाच्या नावावर आकडा तसाच. तीन आठवडे ती ओळ आली की मी गप्प. बायकोच्या ध्यानात आलं, पण ती काही बोलली नाही. शेवटी वही काढली, आकड्यावर आडवी रेघ मारली आणि खाली तारीख घातली, यार्डात घालतो तशी. भावाला अजून सांगितलेलं नाही. त्याचा फोन मात्र आता उचलतो. राग पुरता गेला असं म्हणणार नाही. ओळ म्हणता येते.

मिरजेहून

माझी आजी वानलेस दवाखान्यात आया होती. मिशनरी डॉक्टर वानलेसनी 1894 साली तो कसा उभा केला, ही गोष्ट आमच्याकडे नाताळच्या करंज्यांबरोबर दर वर्षी निघते. पण आजीचा विश्वास माझ्या अंगात आपोआप नाही उतरला. मी दुसऱ्या एका दवाखान्यात नर्स आहे, बहुतेक रात्रपाळी. तिथे पवित्र शास्त्र उघडायला सवड कुठली? म्हणून हात धुताना प्रार्थना करते. साबण लावल्यापासून नळ बंद करेपर्यंत एका पेशंटचं नाव, पुढच्या वेळी पुढचं. गेल्या पावसाळ्यात दर्ग्याजवळची एक म्हातारी दाखल होती. रात्रभर तसबीहचे मणी सरकवायची. एकदा म्हणाली, "पोरी, नळापाशी काय पुटपुटतेस गं?" म्हटलं, तुमचंच नाव घेत होते. "मग जरा सावकाश धू," म्हणाली.

दहिवडी, माण तालुका

सांगलीचे दादा, तुमच्या 'ऋण'वरून आठवलं. मी संडे स्कूलमध्ये तेविसावं स्तोत्र शिकवते, 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' ते. त्यात 'तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात' असं आहे. आकडी म्हणजे मारायचं काहीतरी, आणि त्याने धीर कसा येईल, हे मलाच कधी उमगलं नव्हतं. एप्रिलमध्ये माळावर गवताची काडी नव्हती. रस्त्याकडेला बाभळीखाली एक धनगरमामा उभे होते. लांब काठी, टोकाला विळ्यासारखं वाकडं लोखंड. त्याने फांदी खाली ओढून धरलेली आणि शेरडं मागच्या पायांवर उभी राहून शेंगा ओरबाडतायत. मामांचा दंड थरथरत होता, तरी फांदी सोडली नाही. विचारलं, याला काय म्हणता? "आकडी." मी गाडी लावून तिथेच उभी राहिले. मूळ इब्री शब्दात सोट्याचाही अर्थ आहे, तो मुलांना सांगतेच. पण माणच्या पोरांना आता आधी ही आकडी दाखवते.

सांगलीवाडी

ऑगस्ट 2019. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांपर्यंत चढलं होतं. उतरल्यावर घरात गुडघाभर गाळ. प्रार्थना सुचेना, देवाचा रागच येत होता. चर्चचे पाळकसाहेब आले ते फावडं घेऊन. वचन नाही, उपदेश नाही. संध्याकाळपर्यंत पाट्या उचलल्या, आमच्या मोरीत हातपाय धुतले आणि गेले. मी आठ दिवसांनी प्रार्थना केली. एवढंच.

सातारा

घरात मी एकटाच ख्रिस्ती, बाप्तिस्म्याला दोन वर्षं झाली. आई माउलींच्या वारीला जाणारी. पोरगं हातून गेलं, हीच तिला भीती. सुरुवातीला मी तिच्याशी फार वाद घातले. ते चुकलं माझं, अजून लाज वाटते. कवी ना. वा. टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले आणि अखेरच्या काळात साताऱ्यात येऊन 1917 मध्ये त्यांनी इथे 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला, हे कळल्यावर त्यांचे अभंग मी दार लावून म्हणायला लागलो. एकदा आई दार ढकलून आत आली. वाटलं, आता रडणार. ती म्हणाली, "सम हुकतीया तुझी." खुंटीवरचे टाळ काढले आणि शेजारी बसली. येशूचं नाव आलं की ती ओठ मिटते. टाळ चालूच असतात.

मिरजेहून, पुन्हा

साताऱ्याचे दादा, अभंग कुठला ते लिहाच. आमच्या तरुण संघाचे टाळ कपाटात पडून आहेत, वाजवणारं कोणी नाही. आईंना विचारा, एखाद्या शनिवारी मिरजेला येतील का? उतरायची सोय माझ्या घरी.