कोटाच्या खिशातले पैसे ठेवायचे का परत द्यायचे?

गराज सेलमधून (लोक घरातलं जुनं सामान घरासमोर मांडून विकतात तो) घेतलेल्या कोटाच्या खिशात नोटा निघाल्या तर काय करायचं असं विचारलंय, माझ्या मते परतच करायच्या, विकणाऱ्यांनी कोट विकलाय, नोटा नाही विकल्या. न्यूयॉर्कमधल्या कुटुंबाने २००७ मध्ये ३ डॉलरला घेतलेला चिनी वाडगा हजारेक वर्षं जुना निघाला आणि २०१३ ला सोदबीजच्या लिलावात २२ लाख डॉलरला गेला, ते प्रकरण वेगळं, तो वाडगा तर कित्येक वर्षं त्यांच्या हॉलमध्ये नुसता ठेवलेला होता, घेताना कोणालाच काही कल्पना नव्हती, त्यात मला लबाडी दिसत नाही. पण आपल्याला खरी किंमत कळलीये आणि तरी समोरच्या आजींशी अजून दोन डॉलर कमी करायला घासाघीस करायची, हे मला अजिबात पटत नाही!! इकडे अमेरिकेत घरातलं म्हातारं माणूस गेलं की मुलं लांबून येऊन घाईघाईत घर रिकामं करतात, पर्स उघडून बघत नाहीत, पुस्तकं चाळत नाहीत, मग कोणाची पत्रं, फोटो, कधी अंगठीसुद्धा आपल्याकडे येते. फोटो तर आवर्जून नेऊन द्या, पैशांपेक्षा त्याचं मोल त्यांना जास्त असतं. घर माहीतच असतं आपल्याला. डोनेशनच्या, म्हणजे लोकांनी दान केलेल्या वस्तू विकणाऱ्या दुकानातून घेतलं असेल तर मूळ मालक सापडणं अवघड, पण काउंटरवर सांगून तरी या.