ए५४९ + फायब्रोब्लास्टच्या मीडियमवर ह्युवेकचं जाळं कंट्रोलइतकंच का?

प्रश्न – जेल_गोठलं
फुप्फुसाची गाठ शेजारच्या फायब्रोब्लास्टना (संयोजी ऊतीतल्या पेशींना) हाताशी धरून रक्तवाहिन्या कशी फुटवते, ते प्लेटमध्ये दाखवायचं आहे. ए५४९ (फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशी) आणि एमआरसी-५ (माणसाच्या फुप्फुसातले फायब्रोब्लास्ट) एकत्र वाढवून त्यांचं मीडियम (पेशी वाढवायचं द्रव) ह्युवेकवर (रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशींवर) घातलं, पण कंट्रोललाही ह्युवेकनी विणलेलं नळ्यांचं जाळं तेवढंच भरगच्च. साधं मॅट्रिजेल (पेशींखाली पसरायचं प्रथिनांचं जेल), ईजीएम-२ (ह्युवेकचं तयार मीडियम), फोटो दुसऱ्या दिवशी सकाळी.

उत्तर – वेल_९६
घोळ तुमच्या शेवटच्या ओळीतच आहे. ईजीएम-२ मध्ये व्हीईजीएफ (रक्तवाहिन्या फुटवणारं प्रथिन) आधीच घातलेलं असतं, साध्या मॅट्रिजेलमध्येही वाढघटक असतात. गाठीचा वाटा त्यात बुडतो. ग्रोथ फॅक्टर रिड्यूस्ड (वाढघटक कमी केलेलं) मॅट्रिजेल घ्या. रात्रभर ४ अंशांवर बर्फात वितळवा, टिप आणि प्लेटही गार ठेवा, नाहीतर ओततानाच गुठळ्या होतात. ९६ वेलच्या प्लेटला ५० मायक्रोलिटर, ३७ अंशांवर ३० मिनिटं. त्यावर १०–१५ हजार ह्युवेक, सहाव्या पॅसेजच्या (नव्या भांड्यात हलवण्याच्या फेरीच्या) आतल्याच. फोटो ४ ते ६ तासांनी. सकाळपर्यंत जाळं तुटायला लागतं, मग मोजणार काय?

मीडियम गोळा करताना पेशी दोनदा पीबीएसने (क्षारांच्या द्रावणाने) धुवा आणि २४ तास सीरमविना ठेवा. कंट्रोल तीन हवेत: नुसत्या ए५४९, नुसत्या एमआरसी-५ आणि पेशी न घातलेलं तेच मीडियम. एकूण पेशीसंख्या सगळीकडे सारखी, नाहीतर जास्त पेशींचा परिणाम ‘संवाद’ म्हणून खपतो.

उत्तर – एक_टक्का_ऑक्सिजन
फरक दिसला की बेवासिझुमॅब (व्हीईजीएफ-ए अडवणारं औषध) घालून बघा. जाळं विरळ झालं तर काम व्हीईजीएफ-एचं. तरी टिकलं तर वाहिन्या फुटवणारी दुसरी प्रथिनं, म्हणजे आयएल-८, एफजीएफ-२, एचजीएफ तपासा. मात्र फायब्रोब्लास्ट उंदराचे नकोत. हे औषध उंदराच्या व्हीईजीएफला जवळपास धरतच नाही.

हायपॉक्सिया (कमी ऑक्सिजन) करणार असाल तर एचआयएफ-१ अल्फासाठी (कमी ऑक्सिजनमध्ये साठणाऱ्या प्रथिनासाठी) पेशी कमी ऑक्सिजनच्या चेंबरमध्येच लाइज करा (फोडा). बाहेरच्या हवेत ते काही मिनिटांत नष्ट होतं आणि ब्लॉट (प्रथिन ओळखायची चाचणी) कोरा येतो.

उत्तर – वेल_९६
आणि निष्कर्ष जपून. ह्युवेक नाळेच्या शिरेतल्या, फुप्फुसातल्या नव्हेत. शिवाय फुप्फुसातल्या काही गाठी नवी वाहिनी फुटवतच नाहीत. वायुकोश भरत जातात आणि त्यांच्या भिंतीतल्या आयत्या केशवाहिन्यांवर जगतात. तो प्रकार या प्लेटमध्ये दिसणारच नाही. त्यासाठी रुग्णाच्या ऊतीच्या कापांवर सीडी३१ चा (रक्तवाहिनीच्या अस्तरावरच्या खुणेचा) रंग करून वायुकोशांचा साचा शाबूत आहे का ते बघावं लागतं.

प्रश्नकर्ता – जेल_गोठलं
नुसत्या एमआरसी-५ चा कंट्रोल ठेवलाच नव्हता. जेल बदलून पुन्हा लावतो.