मुलींच्या गटांना निधी म्हणजे लाड? त्या पोस्टला उत्तर

पंचगंगाकाठची
काल इथं एकानं लिहिलं, "लाडकी बहीण झाली, लेक लाडकी झाली, फीमाफी झाली. आता पोरींच्या गटांना आणखी निधी कशाला? पोरांनी काय पाप केलंय?" वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहिते.

लाडकी बहीणचे दीड हजार २१ वर्षं पूर्ण झाल्यावर. लेक लाडकी १ एप्रिल २०२३ पासून जन्मलेल्यांना, आणि त्यातले मोठे ७५ हजार अठरा पूर्ण झाल्यावर, म्हणजे २०४१ च्या आधी कुणालाच नाहीत. आज आठवीत असलेल्या पोरीच्या हातात काय पडलं? शाळा सुटते, स्थळं यायला लागतात ती याच वयात.

मी गावात किशोरींचा गट घेते. शनिवारी अंगणवाडीच्या खोलीत जमतो. पाळीवर बोलतो, बँकेची स्लिप भरायला शिकतो, मग अंगणात कबड्डी. खर्च काय, तर गट घेणाऱ्या ताईचं मानधन आणि चहा-बिस्किटं. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणाला असतात, त्यातून तेवढंही सुटत नाही. हळदीकुंकू आणि शिलाई मशीनमध्येच ते संपतात.

कागलकर
लिहिणारा मीच. ताई, माझा पोरगा बारावीनंतर फौंड्रीत हेल्परला लागला. त्याच्याशी बोलायला कुठली ताई आली? गल्लीतली पोरं मावा खाऊन कट्ट्यावर पडलीत, त्यांचा गट कोण काढतंय? आणि मशीनला नावं ठेवू नका. माझ्या बहिणीनं नवरा गेल्यावर मशीनवरच दोन पोरं शिकवली.

पंचगंगाकाठची
बहिणीबद्दल आदर आहे. पण चौदा वर्षांच्या पोरीला मशीन कशाला? पोरांचा गट जरूर काढा, मी येते मदतीला. त्यांना तालीम आहे, मंडळ आहे. पोरगी शाळेतून थेट चुलीपुढं. २००१ च्या जनगणनेत आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८३९ मुली होत्या. ज्या जन्मल्या, त्या आज विशी ओलांडून गेल्या. त्यांच्यासाठी तेव्हा काय केलं?

डोंगरपट्टीतली
गट नंतर, आधी गाडीचं बोला. मुलींना बारावीपर्यंत पास मोफत, पण आमच्याकडची संध्याकाळची गाडीच बंद झाली. वडापच्या, म्हणजे सीटवर चालणाऱ्या खासगी जीपला पोरं मागं लोंबकळतात, पोरीला घरचे बसू देत नाहीत. माझ्या धाकटीनं अकरावी अर्ध्यात सोडली ती यापायी. फाट्यापासून अंधारात चालत यायचं नाही, असं वडील म्हणाले.

पेठेतला
विषय भरकटवू नका. गाडीचा आणि निधीचा काय संबंध? सायकली वाटल्यात की.

डोंगरपट्टीतली
पेठेत बसून सांगताय! आमचा चढ एकदा सायकलनं चढून दाखवा. पहिल्याच पावसाळ्यात चेन गंजली, सायकल परड्यात पडलीय, कोंबड्या बसतात तिच्यावर.

कागलकर
पण गाडी पोरांनाही लागते ना?

डोंगरपट्टीतली
लागते. पोरगं मित्राच्या मोटारसायकलवर येतं. रात्री नऊला आलं म्हणून त्याची शाळा कोण सोडवत नाही.

मास्तर
कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे २ टक्के समाजकामाला द्यायचे असतात. आमच्या शाळेला त्यातून दप्तरं मिळाली, फोटो निघाले. गटासाठी वर्षभराचं मानधन मागितलं, तर "त्यात दाखवायला काही नाही" म्हणाले. मला संताप याचा येतो. वडापवाल्याशी महिन्याचं ठरवून मुलींची वेगळी फेरी केली, तर अकरावी-बारावीच्या पोरी टिकतील.

पेठेतला
म्हणजे आता जीपही पंचायतीनं द्यायची?

मास्तर
द्यायची. मंडपाला देते तशी.

कागलकर
गाडीचं पटलं, नाइलाजानं म्हणतोय. १० टक्क्यांतून जीपचं भाडं बसत असेल, तर ग्रामसभेत हात वर करीन. ताईच्या मानधनाला नाही, ते अजून पटलेलं नाही.

पंचगंगाकाठची
काका, अंधार पडल्यावर त्या जीपमध्ये पोरींबरोबर कोण बसणार? तिचं मानधन भाड्यातच धरा, आणि हात वर करायला नक्की या.